पोरांच्या ताटातून आणि वर्गातून बचत करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले कितीतरी महिने तुमच्या पेपरात शिक्षण खात्याच्या बातम्या तुकड्या-तुकड्याने येतायत. एक दिवस कमी पटाच्या शाळा, एक दिवस संच मान्यता म्हणजे शाळेला मंजूर होणारे शिक्षक, मग कधी पोषण आहारातलं अंडं, कधी शिक्षण हक्क कायद्याचे, म्हणजे आरटीईचे थकलेले पैसे. प्रत्येक बातमी वेगळी वाटते म्हणून वाचणारा पान उलटून पुढे जातो. मला एवढंच सांगायचंय की ही सगळी एकच बातमी आहे. तिजोरीला ताण आला की शिक्षण खात्यात कात्री कुठे लागते ते बघा, ती दरवेळी मुलाच्या सगळ्यात जवळच्या पैशाला लागते, म्हणजे त्याच्या ताटातल्या, वर्गातल्या आणि घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावरच्या पैशाला.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. बरीचशी नोकरी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि इगतपुरी तालुक्यात झाली, आता रिटायर होऊन म्हसरूळला राहते. जुन्या शाळांमध्ये अजून जाणं-येणं आहे, तिथल्या बाई फोन करतात, म्हणून हे ऐकीव लिहीत नाहीये. शाळेचं नाव मात्र मुद्दाम देत नाही, तिथे आत्ता शिकवणाऱ्यांना त्रास नको.

असं का होतं ते आधी सांगते. खात्याच्या बजेटचा फार मोठा वाटा पगार आणि पेन्शनमध्ये जातो. त्याला हात लावता येत नाही आणि लावूही नये, शिक्षकाला पगार वेळेवर मिळालाच पाहिजे. मग बचत दाखवायची तर उरतं काय, अंडं, गणवेश, सादिल म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे पैसे, शाळेचं लाईट बिल, दुरुस्ती, आणि नवीन शिक्षकाचं पद. एकेक रक्कम मंत्रालयातल्या कागदावर एवढीशी दिसते की ती काढताना कोणाला काही वाटत नसणार. पण पाड्यावरच्या शाळेत पगार सोडला तर पैसा म्हणून येतो तो तेवढाच, तो गेला की शाळेत भिंती आणि बाई एवढंच राहतं.

अंड्याचंच घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, जे खात नाहीत त्यांना केळं, अंड्यामागे पाच रुपये. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. आमच्याकडे अंड्याचा वार शुक्रवार. दुसरीतला एक मुलगा होता, तो एरवी खिचडीच्या वेळेला यायचा आणि जेवून परत गुरांमागे जायचा, कितीदा घरी जाऊन आईला सांगितलं तरी फरक नव्हता, तो शुक्रवारी प्रार्थनेला हजर असायचा आणि मग शाळा सुटेपर्यंत थांबायचा. हळूहळू गुरुवारी पण यायला लागला, कारण उद्याच अंडं आहे ना हे विचारायचं असायचं. स्वयंपाक करणाऱ्या ताई अंडी उकडून परातीत ओतायच्या, मोठ्या मुली लहानांना सोलून द्यायच्या, टरफलं परसबागेतल्या वांग्यांच्या बुडाशी जायची. एवढी साधी गोष्ट, पण आठवड्याच्या हजेरीत ती दिसत होती.

आणि जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला की अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळेला द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या. गोड पदार्थाच्या साखरेचंही तेच. वर्षाला साधारण ५० कोटी वाचणार असं तेव्हा पेपरात आलं होतं. ज्या राज्याचं २०२५-२६ चं बजेट ७ लाख कोटींचं आहे त्या राज्याने ५० कोटी कुठून वाचवले तर पोरांच्या अंड्यातून. मला हे वाचून खरंच खूप वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

लोकवर्गणी कोणाकडून काढायची ते तरी सांगा. नाशिक शहरातल्या शाळेत एखादा बिल्डर देईल, निफाड-पिंपळगावकडे एखादा द्राक्ष बागायतदार देईल, तिथे लोक देतात, मी पाहिलंय. पण पेठ-सुरगाण्यात दिवाळी झाली की निम्मा पाडा त्याच द्राक्षबागांवर मजुरीला गेलेला असतो, मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. त्यांच्याकडे वर्गणी मागायची? म्हणजे जिथे अंड्याची गरज सगळ्यात जास्त तिथेच ते बंद होणार आणि जिथे घरी फ्रीजमध्ये अंडी आहेत तिथल्या शाळेत वर्गणीतून चालू राहणार. हा निर्णय कोणी मुद्दाम वाईट हेतूने घेतला असं मी म्हणत नाही, पण घेताना पाडा डोळ्यासमोर नव्हता हे नक्की.

बाकीच्या जेवणाचा हिशोब पण लोकांना माहीत असायला पाहिजे. मे २०२५ मध्ये पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे असा दर ठरला. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, तेल, भाजी, मसाला आणि गॅस हे सगळं त्याच्यात बसवायचं. हा केंद्राचा आणि राज्याचा मिळून ६०-४० चा खर्च. शिजवणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजार मानधन, तेही कधी दोन-तीन महिने तुंबतं. त्या ताई सकाळी पाण्याच्या कळशा आणण्यापासून दुपारी भांडी घासण्यापर्यंत सगळं करतात. यातून अजून काय कापणार.

आता लाईट बिल. मी जिथून रिटायर झाले त्या शाळेत गावातून शहरात नोकरीला गेलेल्या दोन-तीन मुलांनी मिळून टीव्ही घेऊन दिला होता, पोरांना त्याच्यावर कविता, गोष्टी, सूर्यमालेचे व्हिडिओ दाखवायचो, पोरं अक्षरशः श्वास रोखून बघायची. मग बिल थकलं, कनेक्शन तोडलं. टीव्ही वर्षभर जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर. शेवटी आम्ही दोघी शिक्षिकांनी खिशातून भरून जोडून घेतलं. असं राज्यात किती शाळांत शिक्षक खिशातून भरत असतील ते कोणत्याच हिशोबात येत नाही. शाळेला वीज घरगुती दराने मिळत नाही, आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असतं तरी स्थिर आकार लागतोच.

पैसे येतात कुठून तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त अनुदान, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या खर्चाला मिळणारी रक्कम. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार, पुढे पटाप्रमाणे वाढत जातं. म्हणजे लहान शाळेला महिन्याला हजारसुद्धा नाही. त्यातच लाईट बिल, खडू, हजेरीची रजिस्टरं, फिनेल, झाडू, हात धुवायचा साबण, गळकं कौल, तुटलेली कडी, आणि आता रोजची माहिती ऑनलाईन भरायची म्हणून नेटचा रिचार्ज. आणि हे पैसे शाळा सुरू होताना जूनमध्ये येतात असंही नाही, बऱ्याचदा मार्च उजाडतो, मग मार्चअखेरच्या आत खर्च दाखवा नाहीतर परत जातील अशी गडबड. पावसाळ्यात छत गळत असताना पैसे नाहीत आणि उन्हाळ्यात चार दिवसात संपवा, अशाने चांगली शाळा कशी चालवायची. शिक्षणासाठीच्या मोठमोठ्या घोषणा मी भरपूर ऐकल्या, पण जूनमध्ये खात्यात दहा हजार जमा झाले असा मेसेज आलेला मला तरी आठवत नाही.

गणवेशाचं थोडक्यात सांगते कारण त्याच्यावर भरपूर लिहून झालंय. २०२४ मध्ये राज्यभर एकसारख्या गणवेशाचं धोरण आणलं, कापड वरून, शिलाई बचत गटांकडून, आणि पंधरा ऑगस्टला कित्येक शाळांत पोरं जुन्याच कपड्यात झेंडावंदनाला उभी. डिसेंबरात निर्णय फिरवून काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं ते चांगलं केलं. पण यातून शिकायचं काय तर शाळेचं काम शाळेला करू द्या आणि पैसे वेळेवर द्या.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती शाळा बंद करण्याची किंवा एकत्र करण्याची. समूह शाळा हे नाव २०२३ च्या सप्टेंबरात सगळ्यांना कळलं, शिक्षण आयुक्तांचं पत्र आलं होतं की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचे प्रस्ताव पाठवा, उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ दिलं होतं. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा आणि त्यात साधारण १ लाख ८५ हजार मुलं असा आकडा आला होता. विरोध झाला, विषय मागे पडला, पण संपला नाही, दर बजेटच्या आधी कुठून ना कुठून डोकं वर काढतोच.

मी प्रामाणिकपणे सांगते, चार पोरांची शाळा ही काही आदर्श शाळा नाही. खेळायला भिडू नाही, वर्गात चर्चा नाही, एकच पोरगं चौथीत असेल तर त्याला स्वतःची बरोबरी कोणाशी करायची कळत नाही. जिथे पक्का डांबरी रस्ता आहे, दुसरी शाळा खरंच हाकेच्या अंतरावर आहे, आणि आईवडील तयार आहेत, तिथे एकत्र करा, माझा विरोध नाही. पण हे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात कुठे शक्य आहे आणि कुठे नाही हे मुंबईत नकाशा बघून ठरवता येत नाही.

आरटीई कायद्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. नकाशावरचं एक किलोमीटर म्हणजे मध्ये ओहोळ आहे का, चढ आहे का, जंगल आहे का हे काही कळत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवर लाकडाच्या ओंडक्यावरून हंडे घेऊन जायच्या ते फोटो सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. नंतर तिथे लोखंडी पूल बसवला, तो २०२२ च्या पावसाळ्यात पुराने गेला. ज्या भागात मोठ्या माणसांसाठी केलेला पूल टिकत नाही तिथे सात वर्षांच्या पोराने जुलै महिन्यात पलीकडच्या शाळेत रोज जावं असं कोण म्हणेल? बस देऊ म्हणतात. बस डांबरीवर येणार, पाडा डांबरीपासून आत. आणि बसचे पैसे कुठल्या हेडमधून, किती वर्षं, आणि पुढच्या कपातीत पहिली बसच बंद झाली तर काय, याचं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीचं लोक विसरले असतील. भाम धरणात घरं गेलेली माणसं, त्यांच्या पोरांची शाळा बंद केली तेव्हा २०२२ मध्ये ती पोरं शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेकडे निघाली होती, दप्तरं घ्या आणि शेळ्या द्या म्हणजे राखत बसतो. मी त्याच तालुक्यात नोकरी केलेली, मला ते बघवलं नाही. ती मागणी कोणी शिकवलेली असो वा नसो, खरी होती. आमच्याकडे शाळा लांब गेली की मुलगा शेळ्यांमागे आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला, हे ठरलेलं आहे. मुलीचं तर आधी बंद होतं. सातवीतल्या मुलीला तीन-चार किलोमीटर एकटी पाठवायला आई तयार नसते आणि त्या आईला दोष द्यायची माझी हिंमत नाही.

याच भागात उलटं उदाहरण पण आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते, पोरं दोन्ही हातांनी लिहितात, पाढे तोंडपाठ, लांबून लांबून लोक बघायला येतात. ती पण डोंगरातलीच लहान वस्ती आहे. तिथे शाळा पटावर मोजली असती तर हे झालंच नसतं.

संच मान्यतेचं सामान्य वाचकाला कळत नाही म्हणून सोपं करून सांगते. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं की शाळेला किती शिक्षक मंजूर. त्यातही ज्या मुलाचं आधार पोर्टलवर जुळलं तेच मूल धरायचं. आता पाड्यावरच्या मुलाच्या आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, नावात काना-मात्रेचा फरक, आणि दुरुस्तीला तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून भाडं खर्च करून जायचं, तिथे सर्व्हर बंद. ते मूल समोर बेंचवर बसलेलं असतं, खिचडी खात असतं, पण शिक्षक मोजताना ते नसतं. आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष अजून कडक केले, सहावी ते आठवीत पट वीसच्या खाली गेला तर नियमित शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. कायदा म्हणतो प्राथमिकला साठपर्यंत पट असेल तरी दोन शिक्षक पाहिजेत, आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षक दिनाला, कमी पटाच्या शाळेत दोनातला एक शिक्षक १५ हजारावर कंत्राटी घ्यायचा निर्णय काढला. शिक्षक २५ सप्टेंबरला सामूहिक रजेवर गेले, पुढे तो निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे बरं झालं, पण डोक्यातून गेला का हा प्रश्न आहे.

यात एक चक्र आहे ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन शिक्षकांतला एक गेला की उरलेल्या बाईंकडे चार वर्ग, पोषण आहार, ऑनलाईन माहिती, निवडणुकीचं काम, मीटिंग. बाई तालुक्याला मीटिंगला गेल्या की शाळा बंद. ज्या घराला जमतं ते घर मुलाला आश्रमशाळेत नाहीतर गावच्या इंग्लिश मीडियमला टाकतं. पट अजून उतरतो. मग वरून पत्र येतं की पट कमी आहे, समायोजन करा, म्हणजे पोरं आणि बाई दुसऱ्या शाळेत हलवा. आणि गावात बोललं जातं की मास्तर-बाई शिकवत नाहीत म्हणून शाळा बंद पडली.

खाजगी शाळेत आरटीईखाली गरिबांच्या पोरांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांचं पण तसंच. सरकार मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देणं लागतं, ते वर्षानुवर्षं थकतं, मग संस्थाचालक त्या पोरांकडे ओझं म्हणून बघतात. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खाजगी शाळेला सूट देऊन टाकली होती, तो बदल जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केला म्हणून गरिबाच्या पोरांची ती वाट राहिली.

पैसा नाही हे मला मान्य नाही असं नाही. २०२५-२६ च्या बजेटमध्ये महसुली तूट जवळपास ४६ हजार कोटी दाखवलीय, ओढाताण आहे. काही जण म्हणतात लाडक्या बहिणीमुळे झालं, तिच्यासाठी ३६ हजार कोटी ठेवलेत. मी त्या वादात पडणार नाही, कारण पाड्यावरच्या ज्या आईच्या खात्यात ते १५०० येतात तिचंच पोरगं या शाळेत आहे, तिचे पैसे काढून तिच्या मुलाला अंडं द्या असं मी कधीच म्हणणार नाही. सिंहस्थासाठी नाशिकमध्ये हजारो कोटींची कामं चाललीत, रस्ते, पूल, घाट, ती पण व्हावीत, मी नाशिकची आहे, मलाही त्याचा आनंद आहे. पण एवढं सगळं जमतं तर त्याच जिल्ह्यातल्या शाळेचं लाईट बिल का जमत नाही?

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे हेच मांडलं होतं की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशातून शिकतात वरचे लोक, आधी खेड्यातल्या प्राथमिक शाळेवर खर्च करा, बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर घाला म्हटलं त्याला पण साठ वर्षं होत आली, २०२० च्या धोरणात परत तेच ६ टक्के लिहिलंय. फुल्यांची जयंती प्रत्येक शाळेत होते, सरकारी ऑफिसात फोटोला हार घातला जातो. त्यांचं म्हणणं बजेट करताना पण वाचा.

शालेय शिक्षण मंत्री दादा भुसे आपल्याच जिल्ह्यातले, मालेगावचे आहेत. त्यांना पेठ-सुरगाणा कुठे आहे हे नकाशावर दाखवायची गरज नाही, म्हणून जास्त आशेने लिहितेय. साहेब, अंड्याचा निधी परत सुरू करा. शाळांची लाईट बिलं जिल्हा परिषदेने किंवा सरकारने परस्पर भरावीत, मुख्याध्यापकाच्या खिशावर ठेवू नका. संयुक्त अनुदान जूनमध्ये द्या. आधार जुळलं नाही म्हणून समोर बसलेलं मूल पटातून काढू नका, वर्गात जाऊन डोकी मोजायला केंद्रप्रमुख आहेतच की. आणि कुठलीही शाळा बंद किंवा एकत्र करायची असेल तर आधी पावसाळ्यात एखाद्या अधिकाऱ्याने त्या रस्त्याने शाळेच्या वेळेला चालत जाऊन रिपोर्ट लिहावा, तो रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावावा, आणि ग्रामसभेत, ज्या दिवशी मजुरीला गेलेली माणसं गावात परत आलेली असतील अशा दिवशी, आयांचं म्हणणं ऐकून मगच सही करावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
म्हसरूळ, नाशिक